सेपेआ ओळखताना: शंखाचा ओठ की आतला बाण?

युरोपातल्या सेपेआ नेमोरॅलिस आणि सेपेआ हॉर्टेन्सिस या दोन गोगलगायी वेगळ्या ओळखायचे दोन मार्ग आहेत.

पहिला शंखाचा. नेमोरॅलिसच्या शंखाच्या तोंडाची कड (ओठ) गडद तपकिरी, हॉर्टेन्सिसची पांढरी; नेमोरॅलिस सहसा थोडी मोठी. पिवळा-गुलाबी रंग किंवा पट्ट्यांची संख्या पाहू नका, ती दोन्हींत बदलते. हा मार्ग झटपट आहे, जीवही वाचतो. पण पांढऱ्या ओठाच्या नेमोरॅलिस आणि गडद ओठाच्या हॉर्टेन्सिसही सापडतात, आणि पिल्लांना ओठच नसतो.

दुसरा विच्छेदनाचा. उकळून गार केलेल्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या बंद बरणीत गोगलगाय बुडवून ठेवली की शरीर बाहेर पसरते. मग ७० टक्के अल्कोहोल. थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर आक्रसते आणि अवयव सुटे करता येत नाहीत. जननसंस्थेत बाणाच्या (समागमावेळी जोडीदाराला टोचायच्या काट्याच्या) पिशवीजवळ श्लेष्मग्रंथींची जोडी असते: नेमोरॅलिसमध्ये प्रत्येकीला साधारण तीन किंवा कमी फाटे, हॉर्टेन्सिसमध्ये चार किंवा जास्त. बाणाला चार पाती असतात. नेमोरॅलिसची साधी, हॉर्टेन्सिसची कडेला दुभंगलेली. बाण चुनखडीचा, म्हणून त्याला आम्ल लावू नका. नुकत्याच समागम केलेल्या गोगलगायीत बाण नसतोच; तेव्हा ग्रंथी पाहा. पिल्लांत हाही मार्ग चालत नाही.

आमच्या मते नेहमीच्या नोंदीला प्रौढांचा ओठ पुरतो. शंका आली तरच, एक-दोन नमुन्यांपुरतीच कात्री घ्यावी. प्रजातीच्या (जीनसच्या) सीमांसाठी मात्र शंख फसवा ठरला: २०१५च्या डीएनए अभ्यासानंतर आधी सेपेआत धरली जाणारी व्हिंडोबोनेन्सिस ही गोगलगाय कॉकासोटाकिआ या दुसऱ्या जीनसमध्ये गेली.