'घरबसल्या बी.एड.' आणि माझी सात वर्षं

परवा एसटी स्टँडवर पुन्हा तसाच फलक दिसला. 'घरबसल्या बी.एड., हजेरीची अट नाही, मोजक्याच जागा.' 2017 मध्ये असाच एक नंबर मी वहीत उतरवून घेतला होता. म्हणून हे लिहिते आहे.

तेव्हा मी एका खासगी शाळेत महिना साडेचार हजारांवर मराठी आणि इतिहास शिकवत होते. मुलगी दोन वर्षांची होती. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालेलं. सीईटी देऊन रोज कॉलेजला जायचं तर नोकरी सोडावी लागणार आणि मुलीला सासूबाईंवर टाकावं लागणार. दिरांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना सरच म्हणायचे. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही शिकवताच आहात की. परराज्यातलं कॉलेज आहे, फक्त परीक्षेला यायचं." एक लाख दहा हजार ठरले. माझ्या पाटल्या मोडून पहिले पन्नास हजार रोख दिले. पावती साध्या कागदावर. आणि पदवीच्या मूळ गुणपत्रिका त्यांनी 'प्रवेशासाठी लागतात' म्हणून नेल्या. इथेच मी अडकले. पुढे शंका आली तरी कागद त्यांच्याकडे, म्हणून मी गप्प बसत गेले.

त्यांनी एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या मान्यतेचं पत्र दाखवलं होतं. मी शिक्का पाहिला, कॉलेजचं नाव पाहिलं. अभ्यासक्रम कोणता ते वाचलं नाही. मान्यता कॉलेजला सरसकट मिळत नाही. प्रत्येक अभ्यासक्रमाला वेगळी मिळते आणि किती विद्यार्थी घ्यायचे तेही त्यात लिहिलेलं असतं. ते पत्र डी.एल.एड.चं, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेचं होतं. बी.एड.चा त्यात उल्लेखच नव्हता.

पण पत्र बी.एड.चं असतं तरी काय? एनसीटीईच्या 2014 च्या नियमांप्रमाणे बी.एड.ला तासिका आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के, शाळेतल्या आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावाला 90 टक्के हजेरी लागते. आंतरवासिताच एकूण 20 आठवड्यांची. म्हणजे 'हजेरीची अट नाही' हे जे शब्द मला सर्वांत मोठी सोय वाटले, त्यातच फसवणूक उघड होती. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आहे, पण ते आधीच प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांसाठी. माझ्यासारखीला ते लागू नव्हतं.

शेजारची एक मुलगी त्याच काळात नियमित बी.एड. करत होती. रात्री एकपर्यंत पाठ टाचणं लिहायची, थर्मोकोलचे नकाशे करायची, सूक्ष्म अध्यापनाच्या, म्हणजे सरावाच्या छोट्या पाठात प्राध्यापिकेने काय काय खोडून काढलं ते मला सांगायची. मला तिची कीव यायची. माझ्या नावाची टाचणवही सरांनी कुणाकडून तरी लिहून आणली होती. दोन वर्षांत माझा एकही पाठ कुणी मागे बसून पाहिला नाही. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे.

2019 मध्ये गुणपत्रिका हातात आली. 78 टक्के. घरी पेढे वाटले. 2023 मध्ये शिक्षक अभियोग्यता परीक्षा दिली, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरले, 2024 च्या यादीत नाव आलं. पडताळणीच्या टेबलावरच्या बाईंनी गुणपत्रिका दोनदा उलटसुलट पाहिली आणि विद्यापीठाकडे विचारणा पाठवली. उत्तर आलं की असा नोंदणी क्रमांक त्यांच्या दप्तरी नाही.

मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाची पदवी सरकारी आणि अनुदानित शाळेच्या नोकरीला चालत नाही, हे 1993 च्या एनसीटीई कायद्यातच आहे. शिवाय माझी तर पदवीच खोटी. त्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "खोटं प्रमाणपत्र सादर केलं म्हणून गुन्हा तुमच्यावरही दाखल होऊ शकतो, कळतंय ना?" त्या रात्री मी झोपले नाही. पैसे माझे गेले होते आणि भीतीही मलाच होती. असे लोक याच भीतीच्या जोरावर धंदा करतात, कारण फसलेला माणूस तक्रारीला जात नाही. मी महिनाभर गेले नाही. मग नवरा बरोबर आला आणि आम्ही लेखी तक्रार दिली. सरांचा फोन तोवर बंद झाला होता.

तुम्ही प्रवेश घेणार असाल तर आधी एनसीटीईच्या संकेतस्थळावर कॉलेजपुढे बी.एड. लिहिलंय का ते पाहा. मग संलग्न विद्यापीठात स्वतः फोन लावा, दलालाने दिलेल्या नंबरावर नाही. महाराष्ट्रात सीईटी कक्षामार्फत प्रवेश होतो. त्याला वळसा घालून देतो म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. मूळ कागद फक्त कॉलेजच्या कार्यालयात, पोच घेऊन द्या.

माझ्या पदवीच्या गुणपत्रिका अजून परत मिळालेल्या नाहीत. विद्यापीठाकडून दुय्यम प्रती काढल्या आणि सीईटीचा अर्ज भरला. मुलगी आता चौथीत आहे. संध्याकाळी ती गृहपाठ करते, मी तिच्यासमोर बसून सीईटीचे प्रश्न सोडवते.