गंगापूर रोडचा वरचा मजला : मिसळ, मॅच आणि टकल्याचं काय होणार

रविवारी, २१ सप्टेंबर २०२५ ला, सर्वपित्री अमावस्या होती. दुपारी अडीचला पान वाढलं: गवार-भोपळा, कढी, उडदाचे वडे, अळूवडी, वर दोन वाट्या खीर. रात्री आठला भारत-पाकिस्तान आणि नऊला इंग्लिश प्रीमियर लीगची फुटबॉल मॅच, आर्सेनल-मँचेस्टर सिटी. त्या पोटाने नाशिकच्या सिडकोतून ॲक्टिव्हा काढून, अर्धवट खणलेले रस्ते चुकवत मी गंगापूर रोड गाठला, कारण भाच्याने आठ दिवस आधी टेबल बुक केलं होतं आणि माणशी अडीचशे रुपये भरले होते. बायको म्हणाली, "पितर घरी आलेत आणि तुम्ही निघालात."

जागेचं नाव लिहीत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्याला आम्ही सगळे बाबा म्हणतो, आणि त्यांच्या चिरंजीवांबद्दल पुढे जे येणार आहे ते नावानिशी लिहायला जीभ रेटत नाही. सोमेश्वरच्या अलीकडे, खाली जुनं मिसळीचं हॉटेल आणि वर लोखंडी जिन्याने जायचा एक मजला. जाणाऱ्यांना कळलं असेलच.

आधी चांगलं लिहितो. मिसळ. काळा मसाला, मटकी शिजलेली पण मोडलेली नाही, तर्री वेगळ्या वाटीत. रस्सा दुसऱ्यांदा मागितला की बाबा स्वतः पोऱ्याला खूण करतात, त्याचे पैसे नाहीत. सोबत पापड आणि दही. चहा आल्याचा, कपाच्या कडेपर्यंत. पूर्वी इथे तीनच गोष्टी मिळायच्या: मिसळ, साबुदाणा वडा, चहा. भिंतीवर पाटी होती, त्यावर तीन ओळी. तेवढ्यावर बाबांनी पंचवीस वर्षं हॉटेल चालवलं आणि दोन पोरींची लग्नं केली.

आता पाटी गेली. तिच्या जागी आठ पानांचं लॅमिनेट केलेलं मेन्यूकार्ड आलं. पेरी पेरी पनीर पिझ्झा, चीज बर्स्ट वडापाव, निळ्या रंगाचं काहीतरी सरबत. मी यातलं बरंच खाऊन पाहिलंय, तीन सीझन येतोय इथे. पिझ्झ्याचा बेस तयार आणलेला असतो आणि चीज गार झालं की त्याचं रबर होतं. वडापाव चीज काढून खाल्ला तर उत्तम आहे. निळं सरबत एकदा भाच्याने घेतलं होतं, त्याची जीभ सोमवारी ऑफिसातही निळी होती. मिसळ मिळते, पण दुपारी चारनंतर नाही, आणि मॅच सगळ्या चारनंतरच्या. म्हणजे ज्या गोष्टीसाठी जागा नावाजली, ती मॅच बघायला येणाऱ्याच्या नशिबात नाही.

मॅच दाखवायची कल्पना मात्र चिरंजीवांची, आणि ती झकास आहे हे मान्य करायलाच हवं. नाशकात फुटबॉल बघायला चार माणसं एकत्र बसतील अशा जागा किती? घरी एकट्याने बघितलं की गोल झाल्यावर ओरडता येत नाही, पोरगी दहावीला आहे. इथे ओरडता येतं. मधोमध एक खांब आहे, त्याच्या उजवीकडे बसलात तर अर्धी पेनल्टी बॉक्स दिसत नाही. डावीकडे बसा.

आमच्या टेबलावर नेहमीचे पाच जण. मी: अंबड एमआयडीसीत क्वालिटीला, वय अठ्ठेचाळीस, एके काळी देवळाली कॅम्पात गोलकीपर. भाचा, सिटीवाला, २०१८ च्या शंभर पॉइंटवाल्या सीझनपासून. दाताचे डॉक्टर, मँचेस्टर युनायटेडवाले, म्हणून कायम कडवट. आदल्याच रविवारी सिटीने युनायटेडला तीन-शून्य धुतलं होतं, त्यामुळे जास्तच. दिंडोरीचे द्राक्षवाले भाऊ, आर्सेनलवाले. आणि फार्मसी कॉलेजची एक मुलगी, जी कुठल्याच क्लबची नाही, फक्त पेप गार्डिओलाची, म्हणजे सिटीच्या टकल्या कोचची आहे. बार्सिलोनात होता तेव्हाच्या त्याच्या मॅचेस ती यूट्यूबवर बघते. तेव्हा ती जेमतेम बालवाडीत होती.

त्या दिवशी वर गेलो तर प्रोजेक्टर गायब. भारत-पाकिस्तानसाठी चिरंजीवांनी तो खाली हॉलमध्ये नेलेला आणि वर आमच्यासाठी एक त्रेचाळीस इंची टीव्ही भिंतीला टांगलेला. बुकिंग प्रोजेक्टरचं, पैसे प्रोजेक्टरचे. विचारलं तर म्हणाले, "काका, खाली शंभर माणूस आहे, वर तुम्ही चौदा." हिशोब बरोबर आहे. पण मग आठ दिवस आधी अडीचशे का घेतले, आशिया कपचं वेळापत्रक काय अमावस्येच्या दिवशी कळलं? आणि ते अडीचशे खाण्यातच वळते करायचे असतात, परत मिळत नाहीत. खिरीने भरलेल्या पोटात मी अडीचशे रुपयांचं काय घालणार? चार चहा घेतले. उरलेल्याचा पिझ्झा डॉक्टरांनी खाल्ला, दाताचे डॉक्टर असून.

नवव्या मिनिटाला सिटीच्या हालांडने गोल केला. आपल्या अर्ध्यातून सुटलेला काउंटर अटॅक, रायन्डर्सचा पास, विषय संपला. भाचा खुर्चीवर उभा. आणि त्यानंतर सिटीने जे केलं ते पेपच्या टीमने केलं यावर विश्वास बसेना. मागे सरकले. आणखी मागे सरकले. सदुसष्टाव्या मिनिटाच्या आसपास फोडेनला काढून आके हा डिफेंडर आत. मग चक्क हालांडला काढलं. शेवटी पाच जण मागे, त्यांच्यापुढे उरलेले सगळे, आणि बॉल पूर्ण वेळ आर्सेनलकडे. मॅच संपल्यावर आकडा आला: सिटीकडे बॉल जेमतेम ३३ टक्के. पेपच्या आख्ख्या कारकिर्दीत लीगच्या एकाही मॅचमध्ये एवढा कमी नव्हता.

वादाला तोंड त्या मुलीने फोडलं. "काका, गोलपुढे बस लावून नुसता बचावच करायचा होता तर पेप कशाला हवा? हे काम करणारे स्वस्तात मिळतात."

डॉक्टर म्हणाले, "जाऊ दे ना आता त्याला. दहावा सीझन आहे. सगळं जिंकून झालं."

खोटं नाही. २०२३ मध्ये तीन मोठ्या ट्रॉफ्या एकाच वर्षी, म्हणजे ट्रेबल, आणि २०२४ मध्ये सलग चौथी लीग, जी इंग्लंडात आधी कोणालाच जमली नव्हती. मग मागचा सीझन. सप्टेंबर २०२४ मध्ये याच आर्सेनलविरुद्ध मिडफिल्डर रॉड्रीचा गुडघा गेला आणि मधला खांबच निघाला. शरद ऋतूत लागोपाठ पाच पराभव, घरच्या मैदानावर टॉटनहॅमकडून चार-शून्य. गंमत म्हणजे त्याच पडत्या काळात, नोव्हेंबरात, पेपने २०२७ पर्यंतचा करार केला. शेवटी लीगमध्ये तिसरे, आणि एफए कपची फायनल क्रिस्टल पॅलेसला एक-शून्यने दिली. गोल एझेचा. तो एझे आता आर्सेनलात, आणि त्या रात्री हाफटाइमनंतर मैदानात आला होता. हे लक्षात ठेवा.

हाफटाइम आणि खाली पाकिस्तानची इनिंग संपणं, दोन्ही साधारण एकाच वेळी. किचनात दोन पोरं आणि शंभरावर लोकांच्या ऑर्डरी. माझा चहा पस्तीस मिनिटांनी आला, गार.

मला स्वतःला पेपचा बदल दिसला तो बचावात नाही, गोलकीपरमध्ये. बाकी लोक फॉर्मेशनवर भांडतात, मी ग्लोव्हजकडे बघतो. २०१६ मध्ये आल्या आल्या त्याने सिटीचा कीपर, जो हार्ट नावाचा, बाहेर काढला, का, तर त्याला पायाने खेळता येत नाही. इंग्लंडचा एक नंबरचा कीपर तोरिनोला लोनवर गेला. त्याच्या जागी ब्राव्हो आला, तो फसला, मग २०१७ मध्ये एडरसन, जो पायाने असा पास द्यायचा की मिडफिल्डरने लाजावं. आठ वर्षं सगळ्या जगातल्या कीपरांना या माणसाने पाय वापरायला लावले. माझ्या वेळी देवळालीच्या मैदानावर आमचे सर ओरडायचे, "हात! पाय घरी ठेवून ये!" मी पाच फूट सात इंच, मला दुसरं काही जमतही नव्हतं. एडरसनला बघून मला वाटायचं, आपली जातच संपली.

आणि आता एडरसन गेला तुर्कस्तानात आणि सिटीने आणला डोनारुम्मा. साडेसहा फुटांचा, पायाने बेताचा, पण हात असे की समोरच्याला गोल लहान दिसतो. म्हणजे नऊ वर्षांनी पेप पुन्हा हातांकडे आला. मी हे बोललो तेव्हा टेबल दोन क्षण गप्प झालं. मग भाचा म्हणाला, "मामा, तुम्हाला तुमचाच फायदा दिसतो." असेल.

मुलीचं पटत नव्हतं. तिच्या मते पेपने हार मानली. मी म्हटलं, अगं, हा माणूस बदलला नाही असं वर्ष दाखव. बार्सिलोनात मेस्सीला मधे आणून नऊ नंबरची, म्हणजे स्ट्रायकरची, जागाच रिकामी ठेवली. बायर्नमध्ये लामसारखा साइड बॅक मिडफिल्डला खेळवला. हालांड आला तर ट्रेबलच्या वर्षी चार सेंटर बॅक, म्हणजे मधले डिफेंडर, लावून स्टोन्सला पुढे सरकवला. आता लिव्हरपूलला क्लॉपच्या हाताखाली असलेला लाइन्डर्स सहायक म्हणून आणलाय, म्हणजे धावाधाव वाढणारच. ती म्हणाली, "ते सगळे बदल बॉल ठेवण्यासाठी होते काका. हा बॉल देण्यासाठी आहे." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

दिंडोरीच्या भाऊंनी मग खुंटाचा विषय काढला. त्यांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, पावसाने लांबलेली, डोक्यात तेच. "बाग जुनी झाली की दोन वाटा असतात भो. मुळासकट उपटायची, नाहीतर खुंट तोच ठेवून वरून नवीन वाणाचं कलम करायचं. सिटीने कलम केलंय. डी ब्रुइना गेला, एडरसन गेला, वॉकर गेला. खुंट पेप. पहिल्या वर्षी कोणी घड मोजतं का?"

डॉक्टर म्हणाले, "आणि खुंटच कुजला असेल तर?"

"मग आमची लीग," भाऊ म्हणाले. आर्सेनलवाले शेवटी. त्यांचा कोच आर्टेटाही पेपच्याच हाताखाली तयार झालेला, हे त्यांना आठवण करून दिलं की चिडतात.

आता घोळाकडे येतो. वरचा टीव्ही नेटवर चालतो आणि खऱ्या मॅचच्या अर्धा मिनिट मागे असतो. नेहमीच्या रात्री हे चालून जातं. त्या रात्री इंज्युरी टाइममध्ये, सिटी एक-शून्यने पुढे असताना, डॉक्टरांचा फोन टेबलावर थरथरला. त्यांनी बघितलं आणि हसले. युनायटेडवाला असा कधी हसतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. टीव्हीवर अजून थ्रो-इन चाललेला. मग एझेने वरून बॉल टाकला, डोनारुम्मा पुढे आलेला, मार्टिनेलीने त्याच्या डोक्यावरून अलगद सोडला. त्र्याण्णवावं मिनिट. एक-एक. मी कीपर होतो. बॉल डोक्यावरून जातोय हे आधीच माहीत असताना ते बघणं काय असतं, ते मी इथे लिहीत नाही. भाऊ नाचत होते. नेमका त्याच वेळी खाली कोणाचा तरी चौकार गेला आणि फरशी हादरली, त्यामुळे त्यांना क्षणभर वाटलं की शंभर माणूस आर्सेनलसाठीच ओरडतोय.

चिरंजीवांना विनंती: डिश अँटेनाची एक वायर वर ओढा. निळ्या सरबताच्या दोन महिन्यांच्या कमाईत होईल.

खाली उतरलो तर बाबा गल्ल्यावर, क्रिकेटकडे पाठ करून हिशोब करत. आम्हाला बघून विचारलं, "काय, तुमचा टकल्या राहतोय का जातोय?" त्यांना फुटबॉल कळत नाही, पण आमचा आवाज जिन्यावरून तीन वर्षं ऐकतायत.

"करार २०२७ पर्यंत आहे बाबा," भाचा म्हणाला.

"म्हणजे कुंभ करूनच जाणार."

मग त्यांनी मेन्यूकार्ड उचलून डॉक्टरांना विचारलं, पिझ्झा कसा होता. डॉक्टर खरं बोलले. आणि वर म्हणाले, "बाबा, त्याच्या रॉड्रीचा गुडघा गेला म्हणून त्याने खेळ बदलला. इथे कोणाचा गुडघा गेला होता?" बाबांना रॉड्री कोण ते माहीत नव्हतं, पण चिरंजीव काउंटरच्या कोपऱ्यातून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांची बाजूही सांगायला हवी. ते म्हणाले, फक्त मिसळीवर वरच्या मजल्याचं भाडं निघत नाही, आणि कॉलेजची पोरं संध्याकाळी मिसळ मागत नाहीत. असेल तसं. तरी फार्मसीवाली मुलगी म्हणाली की तिला मिसळच हवी होती.

मी पाचपैकी साडेतीन देतो. चहा, मिसळ आणि टेबलावरची माणसं यांचे चार, प्रोजेक्टरचा अर्धा कापला. पार्किंग दुचाकीला ठीक, चारचाकी आणू नका. बायकांसाठी स्वच्छतागृह वर आहे आणि स्वच्छ असतं, हे भाच्याच्या मैत्रिणीने मुद्दाम लिहायला सांगितलंय. ऑक्टोबरअखेर इंग्लंडची घड्याळं मागे गेली की आपल्याकडे सगळ्या मॅचेस तासभर उशिरा होतील, तेव्हा किती वाजेपर्यंत उघडं ठेवणार हे चिरंजीवांनी अजून ठरवलेलं नाही. आधी फोन करा.

पुढच्या शनिवारी, २७ सप्टेंबरला, साडेसातला सिटी-बर्नली होती, प्रोजेक्टर वर असेल असं कबूल केलं होतं. मी खांबाच्या डावीकडेच असतो. नवरात्रात साबुदाणा वडा सहापर्यंतच टिकतो.