डोंबिवलीतलं आमचं वाचनालय : 9 महिने वापरल्यानंतर

मागच्या वर्षी गणपती झाल्यावर मी घराजवळच्या वाचनालयाची मेंबर झाले. वाचनालय डोंबिवली पूर्वेला, बाजारातल्या एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर आहे. नाव लिहीत नाहीये, कारण खाली थोड्या तक्रारी पण आहेत आणि चार-पाच माणसं जीव लावून चालवतात ती जागा, त्यांना त्रास नको.

खरं तर घेतलं आईसाठी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती रत्नागिरीहून माझ्याकडे राहायला आली. तिथलं नगर वाचनालय 1828 सालचं, तिथे तिची कित्येक वर्षांची मेंबरशिप, आणि इथे आल्यावर टीव्ही लावला तरी तिचं लक्ष लागेना, नुसती खिडकीत बसून राहायची. शेवटी एका शनिवारी जाऊन नाव घातलं. अनामत 500 (सोडताना परत मिळते), वर्गणी महिन्याला 100, त्यात एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. आजकाल जरा जाड नवीन पुस्तक घ्यायचं तर चार-पाचशे सहज जातात, त्यामुळे पैशाच्या हिशोबात तर प्रश्नच नाही.

पण मला लिहायचंय ते काउंटरवरच्या ताईंबद्दल. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं की पुस्तक कोण वाचणार, म्हटलं आई, तर लगेच वय काय, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय का, बसून वाचतात की पडून, असं सगळं विचारलं. पडून वाचते म्हटल्यावर जाडजूड पुस्तक बाजूला ठेवलं, मनगट दुखतं म्हणाल्या, आणि मोठ्या टाइपातलं एका बाईंचं आत्मचरित्र काढून दिलं. आईने ते दोन दिवसात संपवलं. तेव्हापासून मी पुस्तक परत दिलं की ताई आधी विचारतात किती दिवस लागले, मध्येच सोडलं का, आणि मगच आत जातात. जिना चढता येत नाही म्हणून आईने अजून वाचनालय पाहिलेलंच नाही, तरी फोनवर दोघींच्या गप्पा चालतात, "काकू, तुमच्यासाठी एक बाजूला काढून ठेवलंय" असा फोन आला की आई दिवसभर खूश असते. कुठल्याही ॲपवर मला हे मिळालेलं नाही.

नवीन पुस्तकं कॉम्प्युटरवर आहेत, जुनी अजून दाखल रजिस्टरात. पण जुनी पुस्तकं हाच इथला खजिना आहे, ज्यांच्या आवृत्त्या कधीच संपल्यात आणि दुकानात विचारलं तर मान हलवतात अशी. पहिलं पान उघडलं की वाचनालयाचा शिक्का, त्यावरचा पत्ता तीन वेळा बदललेला दिसतो. पेपर वाचायला रोज येणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं, सुरुवात चाळीच्या गॅलरीतल्या एका कपाटापासून झाली, रविवारी पोरं पिशवी घेऊन दारोदार जायची, रद्दीत घालण्याआधी आम्हाला द्या म्हणून. मग शाळेची एक खोली, मग ही जागा. काही पुस्तकांवर 'स्मृतिप्रीत्यर्थ' अशी चिकटवलेली चिठ्ठी आहे, काहींवर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचा शिक्का. हे प्रतिष्ठान 1972 पासून देशभरातल्या वाचनालयांना पुस्तकं पुरवतं, मला माहीतच नव्हतं.

दिवाळी अंकांची योजना जरूर घ्या. 'मनोरंजन'ने 1909 ला पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची आपली परंपरा, पण आता दहा अंक विकत घ्यायचे म्हटले तरी खिसा रिकामा होतो. इथे एकदाच 300 भरायचे आणि होळीपर्यंत बदलून बदलून वाचायचे. नावाजलेल्या अंकांना जानेवारीपर्यंत नंबर लागत नाही हे धरून चाला. आणि वाचणाऱ्यांना हात जोडून विनंती, शब्दकोडं पेनने सोडवू नका आणि रेसिपीची पानं फाडू नका, आईच्या हातात असे तीन अंक आले आणि तिला फार वाईट वाटलं.

आता तक्रारी. रात्री आठला बंद, माझी लोकलच पावणेआठला येते, जरा लेट झाली की आठवडा गेला. लिफ्ट नाही. लहान मुलांची पुस्तकं अगदीच थोडी आणि फाटलेली. जूनचा पहिला पाऊस झाल्यावर खिडकीकडच्या कपाटांवर प्लास्टिक टाकलेलं बघून पोटात कालवलं.

आठची वेळ वाढवा असं मी कमिटीतल्या एकांना बोलले. त्यांनी शांतपणे हिशोब सांगितला. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं. कर्नाटकात, तामिळनाडूत मालमत्ता करासोबत ग्रंथालय कर घेतात, आपल्याकडच्या कायद्यात तो नाही, म्हणजे अनुदान आणि वर्गणी यावरच सगळं. पगार त्यातूनच, नवीन खरेदी त्यातूनच, तर आणखी एक माणूस ठेवायचा कशातून? सध्या मागच्या खोलीतल्या अभ्यासिकेच्या फीवर बरंच निभावतं, एमपीएससीची मुलं सकाळी सातपासून येतात. पण अभ्यासिका वाढवायला पेपरचं टेबल काढायचं चाललंय ते मला अजिबात पटलेलं नाही, त्या आजोबांनी मग बसायचं कुठे? मी तसं लेखी दिलंय. मेंबरांनी अजून चार-पाच पत्रं दिली तर नक्की फरक पडेल.

कोणाला नाव घालायचं असेल तर आधारची झेरॉक्स आणि लाइट बिल न्या, सोमवारी बंद असतं. शक्यतो संध्याकाळी पाच ते सातमध्ये जा, तेव्हा ताई काउंटरवर असतात, आणि वाचणारं माणूस घरी असेल तर त्याच्याबद्दल त्यांना नीट सगळं सांगा.