शेळ्यांसाठी बिल्ला: पट्टीचा की बटणाचा?

शासकीय नोंदणीच्या बारा अंकी पिवळ्या बिल्ल्याबाबत निवडीला वाव नाही. राज्यात १ जून २०२४ पासून, नियमाप्रमाणे, तो कानात नसेल तर जनावराची बाजारात खरेदी-विक्रीही करता येत नाही. प्रश्न उरतो तो दुसऱ्या कानात आपल्या नोंदवहीसाठी मारायच्या बिल्ल्याचा. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत.

पट्टीच्या बिल्ल्यावरचा मोठा आकडा दुरूनही वाचता येतो, आणि उस्मानाबादी शेळ्या बहुतेक काळ्याच असल्याने ही सोय लहान नाही. तीस-बत्तीस शेळ्यांमधून माजावर आलेली किंवा लसीकरणातून सुटलेली शेळी राखणाराही सांगू शकतो.

परंतु आमच्या शेळ्या बालाघाटच्या डोंगरउतारावर बोरी-बाभळींत चरतात. मागचे दोन पाय टेकवून, पुढचे फांदीवर ठेवून शेळी पाला ओरबाडते तेव्हा कानाखाली लोंबणारी पट्टी काट्यात अडकते, आणि तिने मान झटकली की बिल्ला कानाच्या कडेपर्यंत चिरत बाहेर येतो. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसून अळ्या पडतात. टर्पेंटाइनचे बोळे ठेवून मी असे कान महिनाभर जपले आहेत. त्याहून जिव्हारी लागले ते वेगळेच. एका आठवड्यात दोन सारख्या दिसणाऱ्या शेळ्यांचे बिल्ले गेले. त्यांतली एक दोनदा गाभडलेली होती, दुसरी दर वेताला जुळी देणारी. ओळखण्यात चूक झाली आणि मी चांगली शेळी विकून बसलो.

बटणाचा बिल्ला कानाला लगटून बसतो, त्यामुळे तो सहसा अडकत नाही. तीन वर्षांत माझे दोनच गेले. त्याचा आकडा बारीक असतो, केसांत आणि मळात झाकला जातो, म्हणून शेळी धरून पुसून वाचावा लागतो, हे मान्य केले पाहिजे. चिप असलेली बटणेही मिळतात, परंतु त्यांचे वाचनयंत्र जवळ न्यावेच लागते आणि माझ्याएवढ्या कळपाला तो खर्च पेलेल असे वाटत नाही. लक्ष ठेवायच्या शेळीच्या गळ्यात मी रंगीत दोरी बांधतो.

बंदिस्त गोठ्यात पट्टीच कदाचित अधिक सोयीची ठरेल. चराईच्या कळपाला मात्र मी बटणच सुचवीन. ते कानाच्या शिरा चुकवून आणि करडाच्या कानाला वाढायला जागा ठेवून मारावे. मी हे काम दिवाळीनंतर, माशा कमी झाल्यावर करतो.