ईजीआर व्हॉल्व्ह ‘बदलला’, पण बोल्ट हललाच नव्हता

महामार्गालगतच्या एका गॅरेजवाल्याने माझ्या गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनचा थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, बदलल्याचे सांगून तीन खेपांत माझ्याकडून ३०,६५० रुपये घेतले. तो व्हॉल्व्ह जागेवरून एकदाही काढलेला नव्हता, हे मला दीड महिन्याने कोल्हापुरात कळले. ही गोष्ट लिहिताना मला लाज वाटते, कारण बँकेत सव्वीस वर्षे रोखपाल म्हणून काढलेल्या माणसाने कागद न तपासता पैसे मोजावेत, हे मलाच पटत नाही. तरीही लिहितो आहे, कारण पावसाळ्यात किनारपट्टीवरच्या डिझेल गाड्यांना माझ्या गाडीसारखा बिघाड होऊ शकतो आणि त्याच्या आधाराने लुटणे फार सोपे आहे.

माझी गाडी २०१६ सालची आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी चढाला ओढेनाशी झाली. गॅरेजमध्ये स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेला बिघाड वाचणारे यंत्र, लावल्यावर पडद्यावर पी०४०३ हा बिघाडाचा कोड आला. भाच्याला विचारावे म्हणून मी त्या पडद्याचा फोटो काढला, पण पाठवायचा राहून गेला. मेकॅनिक म्हणाला, “काकानू, तुमचो व्हॉल्व्ह गेलो.” मी विश्वास ठेवला. दर पंधरवड्याला आईला डोळ्यांच्या उपचारासाठी कोल्हापूरला न्यावे लागते आणि फोंडा घाटात गाडी अडली तर पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला घेऊन रस्त्यावर उभे राहायचे, ही धास्ती माझ्या डोक्यात होती. दोन दिवस गाडी तिथेच ठेवली. आईला घरी एकटी सोडून गॅरेजमध्ये बसून राहणे मला शक्य नव्हते.

बिल असे होते: स्कॅनिंग ८००, व्हॉल्व्ह १४,८००, गास्केट ४५०, मजुरी २,२००; एकूण १८,२५० रुपये. ही कच्ची पावती होती, वहीतून फाडलेली, आणि पैसे मेकॅनिकच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर पाठवले.

जिथे मला कळायला हवे होते ती जागा आता सांगतो, कारण रात्री जाग आली की तेच डोळ्यांसमोर येते. मी जुना व्हॉल्व्ह दाखवायला सांगितला, तेव्हा त्याने आतून एक काळा तुकडा आणून माझ्या हातावर ठेवला. त्याच्या तोंडात, म्हणजे ज्या भोकातून इंजिनचा तप्त धूर जातो त्याच भोकात, तांबूस मातीचा एक सुबक गोळा चिकटलेला होता. ते कुंभारमाशीचे घर होते. आमच्या पडवीच्या वाशांवर अशी घरे दरवर्षी होतात, मी लहानपणापासून ती पाहत आलो आहे. मी त्यावर बोट ठेवून “हे काय?” असे विचारलेही. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तो गोळा उडवला आणि म्हणाला, “काजळी आसा ती.” काजळी काळी आणि तेलकट असते, ही तर कोरडी लाल माती होती आणि तिचा चुरा माझ्या तळहातावर पडला. परवापर्यंत चालत्या इंजिनावर असलेल्या भागात कुंभारमाशी घर बांधूच शकत नाही. तो तुकडा कित्येक महिने भंगारात पडलेला असणार. मी हात झटकला आणि पैसे दिले.

चौथ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. मग “ईसीएमचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) प्रोग्रामिंग” म्हणून ६,५०० रुपये गेले. गाडी पाच दिवस बरी चालली आणि पुन्हा तेच. मग “एअर फ्लो सेन्सर” म्हणून ५,९०० रुपये. दर खेपेस गाडी ताब्यात देताना दिवा विझलेला असायचा. स्कॅनरने कोड पुसायला काही सेकंद लागतात आणि पुसलेला कोड म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे तेव्हा मला माहीत नव्हते. आपल्याला माहीत नसेल तर गाडी सोडण्याआधी आणि घेतल्यानंतर, दोन्ही वेळा स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढा आणि नुकताच कोड पुसला आहे का, हे तपासायला सांगा. पुसल्यावर गाडीच्या अंतर्गत चाचण्या काही काळ ‘अपूर्ण’ दिसतात.

जुलैच्या अखेरीस आईला घेऊन कोल्हापूरला गेलो असता उद्यमनगरातल्या एका वृद्ध ऑटो इलेक्ट्रिशियनना मी तो पहिला फोटो दाखवला. ते म्हणाले, पी०४०१ असता तर धुराचा प्रवाह कमी आहे, म्हणजे काजळी साचली असेल असे मानता आले असते. पी०४०३ हा विजेच्या मंडलाचा कोड आहे, तेव्हा व्हॉल्व्हची कॉइल तपासायची, पण आधी वायर आणि ती व्हॉल्व्हला जोडणारा प्लग पाहायचा. त्यांनी प्लग ओढला. आतली एक पिन कळकलेल्या पितळी भांड्यासारखी हिरवी झाली होती. खाऱ्या हवेने आणि दमटपणाने ती झिजली होती. प्लग काढून पुन्हा बसवला की पिन घासली जाऊन काही दिवस संपर्क जुळतो आणि घाटातल्या हादऱ्यांनी पुन्हा सुटतो, म्हणून प्रत्येक ‘दुरुस्ती’नंतर गाडी तेवढ्यापुरती बरी चालत होती. पिन, वायरचा तुकडा आणि मजुरी मिळून त्यांनी ६५० रुपये घेतले. दिवा आजतागायत लागलेला नाही.

निघताना त्यांनी बॅटरीच्या उजेडात मला व्हॉल्व्हचा बोल्ट दाखवला. २०२१ साली दुसऱ्या एका मिस्त्रीने व्हॉल्व्ह साफ करून बसवताना बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली होती. ती रेघ अखंड होती. बोल्ट एक सूतभर जरी फिरवला असता तरी ती तुटली असती. अशी रेघ आपल्या गाडीच्या बोल्टांवर गॅरेजला देण्याआधी स्वतः ओढून ठेवा, नेलपॉलिशनेही चालते.

आता तक्रारीचे. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्यांदा मला सांगण्यात आले की व्यवहार तुमच्या मर्जीने झाला, ही दिवाणी बाब आहे. न केलेल्या कामाचे आणि न बसवलेल्या भागाचे पैसे खोटे सांगून घेणे ही फसवणूक नव्हे काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ नेमके फसवणुकीचे आहे, असे मी म्हटल्यावर ते गृहस्थ म्हणाले, “तीस हजारांसाठी एवढे?” अर्ज ठेवून घेतला, पण पोच दिली नाही, ती मागायला चार खेपा घातल्या. परिवहन कार्यालयात उत्तर मिळाले की गॅरेजवर आमचे नियंत्रण नाही, तुमची पीयूसी वैध आहे ना, मग झाले. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात, ईजीआरची वायर तुटलेली असली तरी गाडी पास होऊ शकते, हे त्या खिडकीवरच्या माणसाला मी समजावत होतो आणि तो पुढच्या माणसाचा कागद घेत होता.  ज्याने लुटले तो दुकान उघडून बसला आहे आणि ज्याला लुटले तो खिडक्या पालथ्या घालतो आहे.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पक्के बिल असते तर माझे काम अर्ध्यावर आले असते. बिल न देणे हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानलेली आहे. पैसे दुकानाच्या खात्यावर द्या, काढलेला जुना भाग घरी आणा. तो मातीचा गोळा लागलेला व्हॉल्व्ह मी तिथेच सोडून आलो, याचे मला सगळ्यात जास्त वाईट वाटते.

तक्रारीसोबत मी पडद्याचा फोटो, अखंड रेघेचा फोटो, पैसे पाठवल्याच्या तिन्ही नोंदी आणि कोल्हापूरच्या ६५० रुपयांचे सही-शिक्क्याचे बिल जोडले आहे. मागणी ३०,६५० रुपये परत मिळावेत एवढीच नाही. व्हॉल्व्ह बसवला हे त्याने आयोगासमोर सिद्ध करावे, ही माझी पहिली मागणी आहे. तोवर त्या बोल्टाला मी कोणाला हात लावू देणार नाही.