दापोलीतलं एक मेडिकल : फ्रिजातलं इंजेक्शन लागत असेल तर वाचा

हर्णै बंदरावर माझा मासळीचा धंदा आहे. माल गार ठेवण्याच्या बाबतीत मी सहजासहजी कुणाला मार्क देत नाही. या दुकानाला देतोय. दुकानाचं नाव टाकत नाही, कारण मालकच म्हणाले, "नको हो, फ्रिज छोटा आहे." दापोलीच्या बाजारात दोघातिघांना विचारलंत तर कळेल.

बायकोला रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजण्याचा आजार आहे. सकाळी मूठ वळायची नाही, कोलंबी सोलायला बसली की हात आखडायचे. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी ॲडालिमुमॅब लिहून दिलं. ४० मिलिग्रॅमची भरलेली सिरिंज, दर दोन आठवड्यांनी, पोटावर किंवा मांडीत घरीच टोचायची. सूज आता बरीच उतरलीय. पण औषध कसं आहे हे डॉक्टर सांगतील, मी ते मिळवण्याबद्दल लिहितोय.

या इंजेक्शनाला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. ते स्वतःच एक प्रथिन आहे. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग परत पातळ होत नाही, तसं हे एकदा बिघडलं की बिघडलं. आणि गोठलं तरी वाया. सगळी गोम तिथेच आहे. आम्हा बंदरावरच्या लोकांचा हात पहिला बर्फाकडे जातो. आधी दुसऱ्या एका दुकानातून घेतलं होतं, तिथे सिरिंज बर्फाच्या चुऱ्यात खोचून पिशवीत दिली. खोका भिजून लगदा झालेला. गोठून वितळलेलं इंजेक्शन दिसायला चांगल्यासारखंच दिसू शकतं, त्यामुळे भरवसा कसला ठेवायचा? फेकलं. पैसे परत मिळाले नाहीत.

इथे काउंटरवर ज्या फार्मासिस्ट ताई असतात, त्यांनी पहिल्याच दिवशी माझा बर्फाचा डबा बाजूला सारला. "भाऊ, बर्फ नको. जेल पॅकपण खोक्याला टेकवू नका, मधे पेपराची घडी घाला." फ्रिजच्या दारावर तापमापक, त्याची वायर आत गेलेली. शेजारी सुतळीला बांधलेली वही, त्यात सकाळ-संध्याकाळचे आकडे. मी वाकून पाहिलं तेव्हा काट्यावर ५.४ होतं. सिरिंजचे खोके मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकता. दाराच्या कप्प्यात काही नाही, कारण दार उघडलं की तिथे पहिली गरम हवा लागते. आणि फ्रिजात कुणाचा डबा नाही, दूध नाही, गजरा नाही. एवढ्यावर मी निम्मे मार्क दिले.

विजेचं विचारलंच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडात अंधार किती दिवस होता ते इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यानंतर यांनी फ्रिजपुरता वेगळा इन्व्हर्टर बसवलाय. लाईट गेली तर दार उघडत नाहीत, गिऱ्हाईक कितीही कावलं तरी.

दुसरी गोष्ट म्हणजे ताई नुसत्या विकत नाहीत. पहिली सिरिंज देण्याआधी टीबीची तपासणी झाली का, छातीचा एक्स-रे काढला का, हे विचारलं. मी जरा वैतागलोच, मग त्यांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून दाखवलं. आपल्या पेशी टीएनएफ नावाचं प्रथिन बाहेर सोडतात. जंतूंशी लढायला ते हवंच, जुना टीबी शरीरात कोंडून ठेवायलाही हवं. या आजारात सांध्यात ते नको तेवढं सुटतं, सूज हटत नाही आणि पुढे हाड झिजतं. औषध त्या टीएनएफलाच धरून ठेवतं. म्हणजे सांधा सुटतो, पण कोंडलेला टीबीही सुटू शकतो. टीएनएफ अडवून सांधे शांत होतात हे लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी या संशोधकांनी दाखवलं, त्यातले मैनी जन्माने लुधियानाचे. आणि ॲडालिमुमॅबची पहिली मिळतीजुळती आवृत्ती २०१४ साली आपल्याच देशात, झायडसने बाजारात आणली. नाहीतर हे औषध आमच्यासारख्यांच्या हाताला कुठलं लागतंय!

एकदा माझ्यासमोर एक बाई आल्या. त्यांना ल्युपस, म्हणजे शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा स्वतःवरच उलटते तो आजार. कुणाच्या तरी सांगण्यावरून हेच इंजेक्शन मागत होत्या. ताईंनी सरळ नाही म्हटलं. ल्युपसमध्ये खेळ वेगळ्या प्रथिनांचा, इंटरफेरॉन आणि बी-लिस यांचा. बी-लिसला धरणारं बेलिमुमॅब अमेरिकेत २०११ ला मंजूर झालं, पण ते डॉक्टरने ठरवायचं. उलट टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी काही जणांना ल्युपससारखाच त्रास सुरू होतो. कातडी घट्ट होणाऱ्या स्क्लेरोडर्मात टीजीएफ-बीटा नावाच्या तिसऱ्याच प्रथिनावर संशय आहे, पण जखम भरायलाही ते लागतं, त्यामुळे त्याला सरसकट अडवणं सोपं नाही. बाई खट्टू होऊन गेल्या. हजारोंचा माल काउंटरवरून परत ठेवणारा दुकानदार मी तरी आमच्या लिलावात पाहिलेला नाही.

आता तक्रारी. पैसे पूर्ण आगाऊ. एकदा फ्रिजातून बाहेर काढलं की परत घेत नाहीत (बरोबर आहे, पण तोंडावर सांगतात ते लागतं). सूट देतात, पण ती विचारल्याशिवाय नाही. रविवारी बंद. मालक फोन उचलत नाहीत, ताईंनाच गाठायचं. आणि दुकानासमोर टेम्पो लावायला जागा शोधाल तर माल उन्हात उकडेल. पाचपैकी चार.

टोचण्याआधी पंधरा ते तीस मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर फार चुरचुरतं. उन्हात किंवा गरम पाण्यात धरू नका. माल मुंबईहून रात्रीच्या बसने येतो, तेव्हा दोन-तीन दिवस हाताशी ठेवून सांगा. गणपतीत तर आठवडाभर आधीच नोंदवा, त्या दिवसांत बसच्या डिकीत थर्माकोलच्या खोक्याला कुणी जागा देत नाही.