फाडलेला पेपर पुन्हा अखंड : गेल्या गणपतीपासून या पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

पेपर टराटरा फाडायचा, तुकडे एकमेकांवर ठेवायचे आणि झटक्यात तोच पेपर अखंड उघडून दाखवायचा. जादूचा हा प्रयोग जुना आहे. पण सोसायटीच्या कार्यक्रमांत, वाढदिवसांना, बालवर्गाच्या स्नेहसंमेलनात मी आजवर जे जे केलं त्यात लोकांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहतो तो हाच. गेल्या गणपतीच्या आधी मी याचं तयार किट मागवलं. दिवाळीनंतर ते बाजूला ठेवून रोजच्या पेपरातून स्वतः तयारी करायला लागले, आणि आता पुन्हा पावसाळा लागलाय. दोन्ही पुरेपूर वापरून झालं, म्हणून सविस्तर लिहिते. आतली करामत इथे सांगणार नाही. ज्यांनी प्रयोग शिकलाय त्यांना कुठे काय ते कळेलच, बाकीच्यांची मजा कशाला घालवायची?

आधी किटबद्दल. शिकायला ते चांगलं आहे. घड्यांच्या जागा छापलेल्या असतात, क्रम चुकत नाही, पहिल्याच आठवड्यात हात बसतो. पण कागद जाड आहे, झेरॉक्सच्या कागदाच्या जवळपास जाणारा. रोजचा पेपर ज्या न्यूजप्रिंटवर छापतात तो साधारण 45 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम), झेरॉक्सचा 70 ते 80. हा फरक बोटांना लगेच कळतो आणि कानांना त्याहून लवकर. न्यूजप्रिंट फाटताना जो लांबलचक ‘टर्रर्र’ येतो तो जाड कागदाला येतच नाही. आणि किटवर मथळे इंग्रजी, बातम्या कुठल्याच गावच्या नाहीत. कोथरूडच्या एका वाढदिवसाला दुसरीतल्या मुलीने जवळ येऊन विचारलं, “काकू, हा खरा पेपर नाहीये ना?” त्या प्रश्नानंतर पुढचा चमत्कार कितीही सफाईने केला तरी अर्धाच उरतो.

म्हणून आजचाच पेपर. सकाळी दारात पडलेला, तारीख वाचून दाखवता येईल असा. मी तो पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी धरायला देते आणि तारीख मोठ्याने वाचायला सांगते. पुण्यात याचा एक वेगळाच परिणाम होतो. इथे पेपर ही घरातली वस्तू आहे, कोडं सोडवल्याशिवाय तो कुणी रद्दीत टाकत नाही. पहिला टर्रर्र झाला की ज्येष्ठ मंडळींतून कुणीतरी हमखास ओरडतं, “अहो, वाचून तरी घ्या!” तिथेच सगळे प्रेक्षक माझ्या बाजूला येतात. जे फाटलं ते खरंच फाटलं, हे त्यांना मनापासून वाटलेलं असतं, आणि या प्रयोगाचं सगळं बळ त्याच वाटण्यात आहे.

मी शिकले ती पद्धत अमेरिकेतल्या जीन अँडरसन यांची. पेशाने ते रसायनशास्त्रज्ञ. 1970च्या दशकात जादूगार डग हेनिंग यांनी अँडरसन यांचा हा प्रयोग टीव्हीवर केला आणि तेव्हापासून या प्रयोगाबरोबर अँडरसन यांचंच नाव घेतलं जातं. त्यांच्या पद्धतीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे शेवट. तुकडे एकेक करून जोडले जात नाहीत, अख्खा पेपर एका झटक्यात उघडतो. लहान मुलं त्या क्षणी किंचाळतात आणि मोठ्यांना टाळी वाजवायलाही दोन सेकंद लागतात.

आता कागदाबद्दल, कारण महिनोन्महिने मी याच एका गोष्टीत गुंतले. न्यूजप्रिंट उभा फाडला तर पट्टीने ओढल्यासारखा सरळ फाटतो. आडवा फाडला की वाकडा जातो, मध्येच दिशा सोडतो, कधी कोपरा हातात राहतो. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले तंतू रीळ ज्या दिशेने धावतं त्या दिशेला लागतात, आणि मोठ्या आकाराच्या पेपरात ती दिशा रकान्यांच्या उभ्या रेषेत येते. त्यामुळे मी पहिला फाडा नेहमी उभा घेते, मधल्या घडीवरून, वरून खाली, सावकाश. तो सरळ गेला की पुढचं सगळं हाताच्या ताब्यात राहतं. आडवा फाडा घेण्याआधी घडीवरून नखाने दोनदा दाब द्यायचा. कात्री किंवा ब्लेडने आधी चीर देण्याचा सल्ला मला मिळाला होता. तो घेऊ नका, आवाज बदलतो आणि लोकांचे कान तीक्ष्ण असतात.

पान निवडतानाही विचार लागतो. नुसत्या मजकुराचं पान शेवटच्या रांगेतून राखाडी दिसतं, ते अखंड झालं काय आणि तुकडे राहिले काय, तिथून ओळखू येत नाही. मोठा फोटो किंवा पानभर जाहिरात हवी. शनिवार-रविवारी नव्या गृहप्रकल्पांच्या पानभर जाहिराती असतात, त्या मला फार उपयोगी पडतात: फाडताना इमारत मधोमध दुभंगते आणि शेवटी पुन्हा उभी राहते. गुळगुळीत कागदाची पुरवणी मात्र नको, घडीवर पांढरी रेघ उमटते.

चिकटवण्याचं काम ज्यांना करावं लागतं त्यांच्यासाठी: पातळ फेव्हिकोल आणि डिंक दूर ठेवा. दोन्हींत पाणी असतं, न्यूजप्रिंट ते लगेच पितो आणि वाळल्यावर सुरकुत्या पडतात. ग्लू स्टिक किंवा पातळ डबल साइडेड टेप बरी. स्टिक लावली तर जड पुस्तकाखाली थोडा वेळ ठेवा. शाईचंही लक्षात असू द्या. पेपरची शाई कागदात मुरते पण पूर्ण वाळत नाही, त्यामुळे ती बोटांना लागतेच. पांढऱ्या कुडत्यावर अंगठ्याचे काळे ठसे उमटतात, आणि तेवढ्यावरून चौकस प्रेक्षक कुठे कुठे दाब दिला ते ओळखतो. मी गडद रंगच घालते.

पावसाळा हा या प्रयोगाचा खरा वैरी. जुलैत कागद मऊ पडतो, टर्रर्रचा फुसका आवाज होतो, घड्या धड बसत नाहीत. तयार पेपर मी प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते आणि कार्यक्रमाच्या आधी अगदी शेवटी बाहेर काढते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या कोरड्या हवेत हाच पेपर असा कडक वाजतो की माईकसुद्धा लागत नाही.

जागेचं बोलायचं तर गणपतीचा मांडव सर्वांत सोयीचा. मागे बाप्पा आणि सजावट, त्यामुळे मागून कुणी बघत नाही. बाजूंना सतरंजीवर मुलं अगदी कडेपर्यंत बसतात, त्यांना आधीच समोर बोलवून घ्यायचं. पंखा बंद करायला सांगायला लाजू नका. मांडवातला स्टँडचा पंखा थेट पेपरावर येतो आणि तुकड्यांचा गठ्ठा नेमका नको तिथे उघडतो. घराच्या हॉलमध्ये डोक्यावरचा एक पंखा बंद केला तरी पुरतं.

बोलणं मी हळूहळू कमी करत गेले. सुरुवातीला प्रत्येक फाड्याबरोबर एक वाक्य होतं. आता मुलं मोजतात, “दोन... चार... आठ...”, आणि मी गप्प. मंत्र, फुंकर, छू-मंतर काहीही नाही. पुण्यात वाढलेल्या माझ्यासारख्या अनेकांनी शाळेत अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे चमत्कारांमागची हातचलाखी दाखवणारे कार्यक्रम पाहिलेत. म्हणून सुरुवातीलाच सांगते, ही हातचलाखी आहे. त्याने आश्चर्य तसूभरही कमी होत नाही. उलट मोठी माणसं जास्त नीट बघतात आणि तरी फसतात, तेव्हा त्यांचा आनंद बघण्यासारखा असतो.

किट घ्यावं का? नव्याने शिकणाऱ्याने जरूर घ्यावं, पण एकच संच. सरावाला रद्दीवाल्याकडून किलोभर पेपर आणा, आमचा रद्दीवाला तर एकसारखे अंक बाजूला काढून ठेवतो. प्रत्यक्ष कार्यक्रमाला त्या दिवशीचा पेपर वापरा. तयारीला मला निवांत असले तर अर्धा तास लागतो, आणि एका पेपरात एकच प्रयोग होतो, हे आमंत्रण घेतानाच ध्यानात ठेवावं. एकाच संध्याकाळी दोन ठिकाणी जायचं असेल तर दोन पेपर तयार हवेत. आणि जेवणाच्या टेबलावर, हाताच्या अंतरावर बसलेल्यांसमोर मी हा प्रयोग करत नाही. तिथे कागदी नॅपकीनचा छोटा प्रकार करते. तो वेगळा शिकावा लागतो, पण खिशात मावतो आणि पंख्याचीही भीती कमी.